रुपेरी मुखवट्याचा मल्ल

माणसाची कीर्ति त्याच्या चेहऱ्याला चिकटलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. पुढाऱ्याचा, नटाचा, खेळाडूचा चेहरा वर्तमानपत्रांतून घरोघरीं जातो आणि मग तो रस्त्यानें चालूं लागला कीं लोक माना वळवून पाहतात. नांव विसरलें तरी चेहरा विसरत नाहीं, हा अनुभव आपणां सर्वांचाच आहे. परंतु विसाव्या शतकांत मेक्सिको देशांत एक असा पुरुष होऊन गेला कीं, त्याचें नांव लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडीं होतें आणि त्याचा चेहरा मात्र चाळीस वर्षें लोकांनीं पाहिला नव्हता. तो ना राजा होता, ना सेनापति. तो पोटासाठीं कुस्ती करणारा एक मल्ल होता.

या मल्लाचें धारण केलेलें नांव 'एल् सांतो'. स्पॅनिश भाषेंत सांतो म्हणजे संत. आपल्याकडे संत हा शब्द कानीं पडला कीं टाळमृदंगाचा गजर आणि पंढरीची वाट डोळ्यांपुढें उभी राहते. मेक्सिकोंत सांतो म्हटलें कीं रुपेरी मुखवटा, रुपेरी झगा आणि दोरांनीं वेढलेल्या रिंगणांत झेप घेणारा एक बांधेसूद पुरुष लोकांना आठवतो. त्याचें खरें नांव रोदोल्फो गुस्मान ऊएर्ता. २३ सप्टेंबर १९१७ रोजीं हिदाल्गो प्रांतांतील तुलान्सिंगो या गांवीं त्याचा जन्म झाला. सात भावंडांत तो पांचवा. त्याच वर्षीं मेक्सिकोची नवी राज्यघटना तयार झाली. १९१० सालीं पेटलेल्या क्रांतीनें देश ढवळून निघाला होता आणि खेड्यापाड्यांतील कुटुंबें पोटासाठीं राजधानीची वाट धरीत होतीं. गुस्मान कुटुंबहि पुढील दशकांत मेक्सिको शहरांत आलें आणि कामकऱ्यांच्या दाट वस्तींत राहूं लागलें. तेथें रोदोल्फो बेसबॉल खेळला, अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळला, जपानी जुजुत्सूचे डाव शिकला आणि अखेर कुस्तीकडे वळला. त्याचा भाऊ मिगेल हाहि 'ब्लॅक गुस्मान' या नांवानें नामांकित मल्ल झाला.

ही कुस्ती आपल्या ओळखीची नव्हे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानांत तांबड्या मातींत लंगोट कसून दोन पहिलवान भिडतात आणि पाठ मातीला लागली कीं निकाल लागतो. मेक्सिकोच्या कुस्तीस 'लुचा लिब्रे' म्हणजे मुक्त झुंज असें म्हणतात. ती उंच मंचावर, चार बाजूंनीं दोर बांधलेल्या चौकांत होते. बहुधा तीन डावांपैकीं दोन जिंकणारा विजयी ठरतो. दोरांवरून उड्या मारणें, हवेंत कोलांट्या घेणें, मंचाबाहेर पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर झेप टाकणें हें सर्व त्यांत चालतें. मल्लांचे दोन पक्ष असतात. एक 'तेक्निको', म्हणजे डावपेंचांत कुशल आणि नियमानें लढणारा. दुसरा 'रूदो', म्हणजे आडदांड, नियम मोडणारा, पंचाची पाठ वळली कीं प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत बोटें घालणारा. प्रेक्षक आपापला पक्ष निवडून घसा कोरडा पडेपर्यंत ओरडतात. जयपराजय बराचसा आधीं ठरलेला असतो, ही गोष्ट जाणत्यांना ठाऊक असते. पण उंचावरून पडणाऱ्याचें हाड ठरवून मोडत नाहीं, तें खरेंच मोडतें. म्हणून या खेळाला नाटक म्हणावें तर अंगाला लागणारा मार खरा, आणि कुस्ती म्हणावी तर निकाल रचलेला, असा हा मधला प्रकार आहे.

हा खेळ मेक्सिकोंत रुजविण्याचें श्रेय साल्वादोर लुत्तेरोथ या गृहस्थास देतात. क्रांतीच्या काळांत तो सैन्यांत अधिकारी होता, पुढें महसूल खात्यांत निरीक्षक झाला. अमेरिकेच्या सरहद्दीवर त्यानें व्यावसायिक कुस्त्या पाहिल्या आणि १९३३ सालीं राजधानींत कुस्त्यांचे जलसे भरविणारी संस्था स्थापन केली. मुखवट्याची कल्पनाहि मूळची मेक्सिकोची नव्हे. १८६७ सालीं पॅरिसमध्यें एक मुखवटाधारी मल्ल लढला होता. १९१५ सालीं न्यूयॉर्कमध्यें मॉर्ट हेंडरसन यानें मुखवटा घालून गर्दी खेंचली होती. १९३४ सालीं असाच एक अमेरिकन मल्ल मेक्सिको शहरीं आला आणि त्यानें अंतोनिओ मार्तिनेस नांवाच्या चर्मकाराकडून डोक्याचें माप देऊन मुखवटा शिवून घेतला. जोडे शिवणाऱ्या त्या कारागिरानें पुढें मल्लांचे मुखवटे शिवण्याचाच धंदा केला. मेक्सिकोंत गांवोगांवच्या जत्रांत मुखवट्यांचीं नृत्यें पूर्वापार चालत आलीं आहेत. बोहाड्यांत देवाचें सोंग घेतलेल्या माणसाला आपल्याकडील ग्रामस्थ जसे त्या वेळेपुरते देवच मानतात, तसाच भाव तेथेंहि असतो. कुस्तीचा मुखवटा त्या नृत्यांतून निघाला असें म्हणतां येणार नाहीं. पण परक्या देशांतून आलेलें हें रोपटें याच भूमींत इतकें कां फोफावलें, याचें उत्तर कदाचित् तेथें सांपडेल.

रोदोल्फो कुस्तींत उतरला तो उघड्या चेहऱ्यानें, रूडी गुस्मान या नांवानें. त्या नांवाला कोणी विचारीना. मग त्यानें नांवें बदलून पाहिलीं. कधीं तो 'तांबडा माणूस' झाला, कधीं 'काळा राक्षस' झाला. त्या काळीं हेसूस वेलास्केस हा मल्ल 'वटवाघूळ' या नांवानें गाजत होता. तो रिंगणांत येतांना पिशवींतून जिवंत वटवाघळें सोडी आणि प्रेक्षकांत एकच धांदल उडे. रोदोल्फोनें 'दुसरें वटवाघूळ' असें नांव घेतलें. मूळ वटवाघळानें तक्रार केली, कुस्ती मंडळानें ती मान्य केली, आणि बिचाऱ्याला तेंहि नांव टाकावें लागलें. दुसऱ्याच्या नांवावर मोठें होतां येत नाहीं, हा धडा त्याला त्या वेळीं मिळाला असावा.

१९४२ सालीं हेसूस लोमेलिन नांवाचा व्यवस्थापक रुपेरी पोषाखाच्या मल्लांचा एक संच तयार करीत होता. त्यानें रोदोल्फोपुढें तीन नांवें ठेवलीं: संत, सैतान आणि देवदूत. रोदोल्फोनें संत हें नांव उचललें. त्याच वर्षीं रुपेरी मुखवटा घालून तो राजधानीच्या आखाड्यांत प्रथम उभा राहिला. त्या वेळीं त्याचें वय चोवीस वर्षांचें होतें. गंमत अशी कीं, नांवानें संत असलेला हा मल्ल लढे मात्र आडदांडांच्या बाजूनें. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' या म्हणीचाच हा नमुना. पण लोकांना ती विसंगति भारी आवडली. पवित्र नांवाचा दांडगा शिव्या खाई आणि टाळ्याहि घेई. पुढल्याच वर्षीं, १९४३ सालीं, त्यानें आपल्या वजनगटाचें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. गोरी गेरेरो या मल्लाशीं त्यानें जोडी जमविली आणि दुसरें महायुद्ध संपलें त्या सुमारास ही जोडी 'अणुजोडी' या नांवानें गाजली. पालथ्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर स्वार व्हावयाचें, त्याचे हात आपल्या मांड्यांवर अडकवावयाचे आणि हनुवटी धरून मान मागें ताणावयाची, हा घोडेस्वारीचा डाव गेरेरोचा. तो सांतोच्याहि हातीं चांगलाच बसला.

येथपर्यंतची कथा कोणत्याहि यशस्वी मल्लाची असूं शकेल. पण मुखवट्याच्या कुस्तींत एक पैज असते आणि ती समजल्याशिवाय सांतोचें आयुष्य समजणार नाहीं. दोन मुखवटाधारी मल्ल कधीं कधीं मुखवटा पणास लावून लढतात. जो हरेल त्यानें भर सभेंत मुखवटा उतरावयाचा, आपलें खरें नांव आणि आपलें गांव सांगावयाचें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें. उतरलेला मुखवटा मग पुन्हां चढत नाहीं. त्या रात्रीपर्यंत जो वीर होता तो सकाळीं चारचौघांसारखा एक गृहस्थ होतो. कुस्तीचा निकाल रचलेला असो वा नसो, हें नुकसान मात्र खरें असतें. कित्येक वर्षें घामानें मिळविलेली ओळख एका क्षणांत जाते आणि बाजारांतील किंमतहि तिच्याबरोबर जाते.

७ नोव्हेंबर १९५२ रोजीं सांतोची 'ब्लॅक शॅडो' या मल्लाशीं अशीच मुखवट्याची पैज लागली. सांतो जिंकला आणि ब्लॅक शॅडोला लोकांसमोर तोंड उघडें करावें लागलें. ब्लॅक शॅडोचा एक जोडीदार होता, निळ्या मुखवट्याचा 'ब्लू डेमन'. जोडीदाराच्या मानहानीचा सूड म्हणून तो सांतोपुढें उभा ठाकला आणि १९५३ सालीं त्यानें सांतोस हरवून विजेतेपद हिरावून घेतलें. या दोघांचें वैर पुढें अनेक वर्षें प्रेक्षकांना पुरलें. पण सांतोनें अनेकांचे मुखवटे उतरविले, अनेकांचीं डोकीं पैजेवर भादरविलीं, आणि त्याचा स्वतःचा मुखवटा कोणालाहि रिंगणांत उतरवितां आला नाहीं. या एका गोष्टीवर त्याची सारी कीर्ति उभी होती.

त्याच १९५२ सालीं होसे ग्वादालुपे क्रूस या चित्रकारानें सांतोच्या साहसांचें एक चित्रमय नियतकालिक सुरूं केलें. त्यांत छायाचित्रें आणि रेखाटनें यांचा मिलाफ असे, आणि कांहीं दशकें तें खपत राहिलें. आखाड्याचें तिकीट परवडत नसलेल्या पोरांच्या हातीं सांतो या रीतीनें पोंचला. गमतीची गोष्ट म्हणजे आखाड्यांत दांडगाई करणारा सांतो या कागदी जगांत दुबळ्यांचा कैवारी होता. याच वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा जाधवांनीं मातीवरची आपली विद्या गादीवर सिद्ध करून कांस्यपदक मिळविलें. एकाच वर्षांतील कुस्तीच्या या दोन कथा शेजारीं ठेवल्या म्हणजे खेळ आणि खेळाचें लोकरंजन यांतील अंतर ध्यानांत येतें.

मेक्सिकोंत दूरचित्रवाणी नुकतीच सुरूं झाली होती आणि तिच्यावर कुस्त्या दिसूं लागल्या होत्या. पण त्याच दशकांत राजधानीच्या कारभाऱ्यांनीं तें दाखविणें बंद पाडलें. चित्रपटांनीं ती जागा घेतली. १९५८ सालाच्या अखेरीस सांतोचे पहिले दोन चित्रपट क्यूबांत चित्रित झाले. फिडेल कॅस्ट्रोची क्रांति तेव्हां हावानाच्या वेशीवर येऊन ठेपली होती. हे चित्रपट १९६१ सालीं लोकांपुढें आले. पुढें त्यानें एकंदर बावन्न चित्रपटांत काम केलें. रक्त पिणाऱ्या स्त्रिया, चालतीं प्रेतें, वेडे शास्त्रज्ञ, मंगळावरील आक्रमक, अशा नाना संकटांतून तो मेक्सिकोला सोडवी आणि मध्यें वेळ काढून एखादी कुस्तीहि करी. हे चित्रपट थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकलेले असत. चोखंदळ रसिकांनीं त्यांना नाकें मुरडलीं. पण ते लॅटिन अमेरिकेंत, स्पेनमध्यें आणि इतरत्रहि चालले. १९६२ सालीं सांतो रक्तपिपासु स्त्रियांशीं लढत होता, त्याच सालीं मुंबईच्या हिंदी चित्रपटांत दारासिंग 'किंग काँग' म्हणून गर्दी खेंचीत होता. मल्लाच्या बाहुबळांत गरिबाला स्वतःचा कैवारी दिसतो, हें दोन्ही देशांना एकाच वेळीं उमगलें होतें. सांतोनेंहि त्याच सुमारास आखाड्यांत आडदांडांचा पक्ष सोडला आणि तो सरळ लढणाऱ्यांत सामील झाला. वीस वर्षांनंतर तो आपल्या नांवाला शोभूं लागला.

आतां या कीर्तीची दुसरी बाजू पाहूं. मुखवटा रिंगणापुरता घालावा आणि कपडे बदलतांना काढावा, असा इतर मल्लांचा परिपाठ असे. सांतोनें तो घराबाहेर लोकांत वावरतांनाहि उतरविला नाहीं. जेवतां यावें म्हणून हनुवटीकडे मोकळा असलेला निराळा मुखवटा त्यानें करून घेतला होता. चित्रपटाच्या मंडळींबरोबर परदेशीं जावयाचें असलें तर तो निराळ्या विमानानें जाई. कारण तपासणीच्या नाक्यावर मुखवटा काढावा लागे आणि तेवढ्यांत सोबत्यांनीं चेहरा पाहूं नये, अशी त्याची इच्छा असे. अनेक चित्रपटांत तर त्याचा आवाजहि दुसऱ्याच नटाचा होता. म्हणजे ज्याच्यावर लाखो लोकांनीं प्रेम केलें, त्याचा चेहराहि त्यांनीं पाहिला नव्हता आणि कित्येकदां आवाजहि ऐकला नव्हता.

मारिया या आपल्या पत्नीसमवेत त्यानें दहा मुलांचा संसार केला. मुखवटा नसला म्हणजे तो बाजारांत जाऊन येई आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नसे. कीर्तिमान माणसांना जी मोकळीक कधीं लाभत नाहीं ती त्याला रोज लाभे. पण तिचें मोल असें होतें कीं, शेजारच्या दुकानीं आपलें चित्र टांगलेलें असतांना तें आपलें आहे असें म्हणण्याची सोय त्याला नव्हती. हें ढोंग म्हणावें काय? ढोंग करणारा आपल्या लाभासाठीं स्वतःला आहे त्याहून मोठा दाखवितो. रोदोल्फो गुस्माननें स्वतःला मुळींच दाखविलें नाहीं. आपल्या हातानें उभ्या केलेल्या एका प्रतिमेसाठीं त्यानें स्वतःचें नांव मागें ठेवलें. यांत धंद्याचा हिशेब होताच; मुखवटा गेला असता तर मिळकतहि गेली असती. पण चाळीस वर्षें पाळलेला हिशेब हिशेब राहत नाहीं, त्याचें व्रत होतें.

वय कोणाला चुकत नाहीं. साठी उलटली तरी सांतो लढतच होता. १९८१ सालीं एका कुस्तींत त्याला रिंगणांतच हृदयविकाराचा झटका आला आणि सहकाऱ्यांनीं त्याला वांचविलें. १९८२ च्या सप्टेंबरांत त्यानें आखाड्याचा निरोप घेतला. त्या वेळीं तो पासष्ट वर्षांचा होत होता. त्याचा धाकटा मुलगा होर्हे यालाहि कुस्तीची ओढ होती. आधीं शिक्षण पुरें कर, असा वडिलांचा आग्रह असे. मुलानें तो पाळला आणि त्याच १९८२ सालीं 'एल् इहो देल् सांतो', म्हणजे सांतोचा पुत्र, या नांवानें रुपेरी मुखवटा चढविला. बापानें आपलें नांव लपविलें आणि मुलाला वारसा म्हणून मिळाला तो मुखवटाच.

१९८४ च्या जानेवारीच्या अखेरीस सांतो दूरचित्रवाणीच्या एका चर्चेंत पाहुणा म्हणून आला होता. कार्यक्रम हाकोबो साब्लुदोव्स्की या नामवंत वार्ताहराचा होता. बोलतां बोलतां सांतोनें, कोणीहि जबरदस्ती केली नसतां, मुखवट्याची कड धरून तो वर सरकविला. चेहऱ्याचा कांहीं भाग क्षणभर दिसला आणि मुखवटा पुन्हां खालीं आला. जें शेंकडों मल्लांना बळानें जमलें नव्हतें तें त्यानें स्वतःच्या हातानें केलें, आणि तेंहि पुरें नव्हे. कां केलें, हें तो सांगून गेला नाहीं. थोड्याच दिवसांनीं, ५ फेब्रुवारी १९८४ रोजीं, मेक्सिको शहरांतील ब्लांका या नांवावरून ओळखल्या जाणाऱ्या 'ब्लांकिता' नाट्यगृहांत प्रयोग केल्यावर त्याला पुन्हां हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचा अंत झाला. वय सहासष्ट वर्षांचें. रुपेरी मुखवटा चेहऱ्यावर असतांनाच त्याचें दफन झालें. अंत्ययात्रेस हजारों लोक लोटले. ज्याचा चेहरा पाहिला नव्हता, त्याच्यासाठीं ते रडत होते.

त्याच्यामागें मुखवट्याचा अर्थ बदलत गेला. सेर्हिओ गुतिएरेस या ख्रिस्ती धर्मोपदेशकानें अनाथ मुलांच्या आश्रमासाठीं पैसे मिळवावेत म्हणून 'फ्राय तोर्मेंता' या नांवानें मुखवटा घालून अनेक वर्षें कुस्त्या केल्या. १९८५ च्या सप्टेंबरांत मेक्सिको शहर भूकंपानें हादरलें आणि हजारों कुटुंबें बेघर झालीं. १९८७ सालीं तांबड्यापिवळ्या पोषाखाचा एक मुखवटाधारी भाडेकरूंच्या हक्कांसाठीं रस्त्यावर उतरला आणि त्यानें 'सुपरबार्रिओ' हें नांव घेतलें. चित्रपटांतला कैवारी कचेरीच्या दारांत येऊन उभा राहिला. २००० सालीं ब्लू डेमनचेंहि निधन झालें आणि तोहि निळ्या मुखवट्यासह मातीआड गेला. २०१८ सालीं मेक्सिको शहरानें लुचा लिब्रेला आपल्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. तुलान्सिंगो गांवीं सांतोचा पुतळा उभारलेला आहे. पुतळा माणसाचा करतात तो चेहऱ्याच्या ओळखीसाठीं. येथें मात्र पुतळ्यालाहि मुखवटा आहे.

सांतो थोर पुरुष होता काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यानें शास्त्र रचलें नाहीं, राज्य चालविलें नाहीं, त्याच्या कुस्त्या निर्भेळ नव्हत्या आणि त्याचे चित्रपट कलेच्या कसोटीला उतरणारे नव्हते. पण क्रांतीनंतर शहरांत येऊन पडलेल्या, नांव नसलेल्या, चेहरा नसलेल्या लोकसमूहाला त्यानें एक वीर दिला. त्याला चेहरा नसल्यामुळेंच त्या मुखवट्याखालीं आपला बाप, आपला भाऊ, किंबहुना आपण स्वतः असूं, असें कोणत्याहि गिरणीकामगाराच्या पोराला वाटूं शकलें. आपलें नांव चार जागीं कोरलें जावें म्हणून धडपडणारीं माणसें सर्व काळीं पुष्कळ असतात. दुसऱ्यांना आधार वाटेल असें एक नांव उभें करावें आणि स्वतः त्याच्यामागें निमूटपणें उभें राहावें, हें मात्र थोड्यांनाच साधतें. तुलान्सिंगोच्या या मल्लाला तें साधलें होतें.